बावीस फुटांची शिवण

तिसरी सुई मोडली तेव्हा मास्तरीणने हात पुढे करून मशीनचं चाक थांबवलं आणि नवऱ्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, ही चढावर अडकलेली बस नाही. कापड ओढायचं नसतं. ते आपलं आपण पुढं जातं."

"ओढलं नाही मी," तो म्हणाला. ऐकू कमी यायला लागल्यापासून त्याचा आवाज चढला होता. घरातल्या घरात बोलला तरी वाटायचं, मागच्या बाकावरच्या प्रवाशाला सांगतोय.

"मग सुई काय कंटाळून मोडली?"

"पुढं खड्डा होता. मी वळवलं."

खड्डा म्हणजे कापडाला पडलेली बोटभर घडी. मास्तरीणने घडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. तिला हसताना बघून तोही हसला. दोन महिन्यांनी. तिने ते मनात टिपून ठेवलं, पण वर काही दाखवलं नाही. शिकवणाऱ्याने लगेच विरघळून चालत नाही, हे तिला ठाऊक होतं.

एकतीस वर्षं त्याने बस चालवली होती. गल्लीत, आगारात, नातेवाइकांत सगळे त्याला ड्रायव्हर म्हणूनच ओळखत, जसं मुलींना शिवण शिकवते म्हणून तिला मास्तरीण. एका माणसाला कधी धक्का लागला नाही, एक आरसा कधी फुटला नाही. आणि मग वार्षिक तपासणीत डॉक्टर त्याच्या मागे उभा राहून घंटी वाजवत राहिला आणि हा समोरच्या भिंतीकडे बघत शांत बसून राहिला. डावा कान ठार गेलेला, उजवा अर्धामुर्धा. त्या दिवशी त्याने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला, घरी चालत आला आणि मागच्या खोलीतल्या खुर्चीत जाऊन बसला. बसला तो बसलाच. जेवायला हाक मारली की यायचा, जेवून परत जायचा. तिने चार दिवस वाट पाहिली, मग चिडून पाहिलं, मग एकदा रडूनही पाहिलं. शेवटी हात टेकले.

त्याच सुमारास तिच्याकडे नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. गावातलं जुनं नाट्यगृह दुरुस्त होत होतं, आणि दर्शनी पडदा मोठ्या शहरातल्या कंपनीकडून न आणता गावातच शिवून घ्यावा असं तिथल्या व्यवस्थापकाने ठरवलं होतं. बाकीचे शिंपी माप ऐकूनच मागे सरले. मास्तरीण मात्र स्वतः रंगमंचावर गेली, शिडी लावून घेतली, वरच्या दांडीपासून खालच्या फळीपर्यंत फीत सोडली आणि "करते" म्हणाली. गडद निळी मखमल. मधून उघडणारी दोन पाखं, प्रत्येक पाखात सात पट्टे. म्हणजे सहा आणि सहा अशा बारा लांब शिवणी, एकेक बावीस फुटांची. मुदत सहा आठवडे.

काम घेतलं आणि नवव्या दिवशी नऊ वर्षं तिच्या हाताखाली असलेली मुलगी नवऱ्याच्या बदलीमुळे दुसऱ्या गावी निघून गेली. मास्तरीणचा उजवा खांदा तर गेल्या हिवाळ्यापासून वर जाईनासा झाला होता. बारीक काम कितीही करा, चुण्या घ्या, कोपरे वळवा, खांदा तक्रार करत नव्हता. पण मखमलीचा ढीग उचलून मशीनला द्यायचा म्हटला की डोळ्यांपुढे अंधारी. एका दुपारी ती तो ढीग जमिनीवरून ओढत होती, तेवढ्यात मागच्या खोलीतून नवरा आला. काही न बोलता त्याने अख्खा गठ्ठा खांद्यावर घेतला, मशीनशेजारी ठेवला आणि ती शिवत असताना कापड हातावर धरून उभा राहिला. एक तास. दोन तास. मग म्हणाला,

"मला शिकव."

"काय?"

"हे. सरळ जायचंच तर काम आहे. एकतीस वर्षं मी दुसरं केलंय काय?"

फक्त एक अट घातली त्याने. रस्त्याकडची खिडकी बंद ठेवायची.

पहिल्या दिवशी तिने मशीनचा पट्टाच काढून ठेवला आणि त्याला नुसता पाय हलवायला लावला. पायमशीन होतं, तिच्या सासूचं, काळं, जड. तो उजव्या पायाने दाबायचा आणि डावा बाजूला मोकळा ठेवायचा.

"दोन्ही पाय," ती म्हणाली.

"डावा क्लचला लागतो."

"इथं क्लच नाही. टाच, चवडा, टाच, चवडा. झोपाळ्यावर बसल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी पट्टा चढवला. चाक उलटं फिरलं, दोनदा, दहादा. मग त्याने स्वतःच शोधून काढलं की आधी हाताने चाकाला आपल्याकडे झुकवायचं आणि मग पाय द्यायचा. तिसऱ्या दिवशी तिने वहीचा रेघांचा कागद सुईखाली ठेवला, दोरा न ओवता. रेघेवरून भोकं पाडत जायचं. भोकं चांदण्यांसारखी कुठंही सांडली. तो घामाघूम झाला, कागद चुरगाळून टाकला, उठून मागच्या खोलीकडे निघाला.

ती दारात आडवी उभी राहिली. "बघता कुठं तुम्ही शिवताना?"

"सुईकडे. दुसरं कुठं बघणार?"

"तिथंच चुकतंय. सुईकडे नाही बघायचं. तिच्यापुढं चार बोटं जी रेघ येतेय, तिच्याकडे बघायचं. सुई येते मागून."

"अगं, मग असं सांग की! चाकाकडे बघून गाडी कोण चालवतं?" तो परत जाऊन बसला. नवा कागद घेतला. त्या कागदावरची भोकं रेघेवर अशी बसली, की मास्तरीणने तो कागद घडी करून कपाटातल्या डब्यात ठेवून दिला.

ऐकू येत नसल्याने हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून खांद्यावर एक टिचकी म्हणजे थांबा, दोन म्हणजे हळू, असं ठरलं. तीन म्हणजे काय, हे ठरलं नव्हतं. एकदा तिने सहज तीन मारल्या, तेव्हा तो म्हणाला, "प्रवाशांनी ड्रायव्हरशी मस्करी करू नये." आणि आणखी एक गोष्ट झाली. शिवायला बसायच्या आधी तो मशीनच्या फळीवर तळहात ठेवायचा, जसा इंजिनाच्या झाकणावर ठेवायचा. एका सकाळी पाय मारता मारता थांबला. "हिला तेल कमी पडलंय. खालून उजवीकडे." मास्तरीण चौतीस वर्षं मशीनचा आवाज कानाने ओळखत आली होती. तिने कान दिला, तिला काही वेगळं ऐकू आलं नाही. तरी तिने मशीन उलटून पाहिलं. उजवीकडचा सांधा कोरडा ठणठणीत होता.

तिला थोडं वाईट वाटलं, आणि पुष्कळ बरं वाटलं.

अशा तऱ्हेने तिसरा आठवडा सरत आला आणि रविवारी सकाळी धाकटा दीर आला. घरात सगळे त्याला हेडक्लार्क म्हणत. एका मोठ्या कारखान्याच्या कचेरीत तो हेडक्लार्क होताच, पण नसता तरी हेच नाव पडलं असतं, इतका तो प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायच्या घाईत असायचा. सोबत नणंद, शाळेत शिकवणारी. ही तिघा भावंडांतली मधली. दोघं आधी आपसांत ठरवून आल्याचं त्यांच्या बसण्यावरूनच मास्तरीणला कळलं. आतल्या खोलीतून सासूही येऊन काठी टेकून बसली. जमिनीवर मखमल पसरली होती, त्यामुळे सगळे भिंतींना चिकटून बसले.

"वहिनी, चांगली बातमी आहे," हेडक्लार्क म्हणाला. "आमच्या गोदामावर फाटकाशी माणूस हवाय. मी दादाचं नाव दिलं. बसून काम. सावलीत केबिन आहे, पंखा आहे. उद्यापासून यायचं."

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? त्याला घरात बसवून ठेवायचं का असं? मला भेटला तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता त्याच्या."

"आता फुटतो," मास्तरीण म्हणाली. "शिकतायत ते."

"तेच तर," नणंद हळूच म्हणाली. "वहिनी, कानावर आलंय आमच्या. राग मानू नकोस. पण त्याला मशीनवर बसवणं म्हणजे... तो तुझ्यासमोर नाही म्हणत नाही, म्हणून तू समजतेस त्याला आवडतंय."

"एकतीस वर्षं ज्याने गाडी चालवली, तो आता बायकोच्या हाताखाली काम करणार?" हेडक्लार्कचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील? त्याला काय वाटत असेल आतून?"

"पंखा असलेल्या केबिनमध्ये दिवसभर फाटकाकडे बघत बसल्यावर काय वाटेल?"

"निदान पगार असेल त्याच्या नावावर! मान असेल!"

मास्तरीण बोलणार होती, पण तिची नजर नवऱ्यावर गेली. तो मशीनच्या स्टुलावर बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्याच आयुष्याचा निकाल लागत होता आणि त्याला त्यातलं काहीही पोचत नव्हतं. आणि तीसुद्धा, त्याची बाजू घेऊन भांडणारी, त्याच्या डोक्यावरूनच बोलत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"माझ्याबद्दल चाललंय ना?" तो मोठ्याने म्हणाला. "मग इकडे येऊन बोल. या बाजूला."

हेडक्लार्क उठला, मखमलीवर पाय पडू नये म्हणून चवड्यांवर चालत त्याच्या उजव्या बाजूला गेला आणि वाकून सगळं परत सांगितलं. गोदाम, केबिन, पंखा. सांगताना त्याचा आवाज आपोआप मऊ झाला. भावाच्या कानाशी तोंड नेऊन कठोर बोलणं अवघड असतं.

"चांगली आहे नोकरी," ड्रायव्हर म्हणाला. "तू खटपट केलीस." त्याची नजर बंद खिडकीकडे गेली. हा हो म्हणणार, मास्तरीणला वाटलं. भावाचं मन मोडायचं नाही म्हणून, लोक बघतील म्हणून, हा हो म्हणणार.

तेव्हा म्हातारी बोलली.

"तुझ्या बापाला मी शिकवत होते. ह्याच मशीनवर."

हेडक्लार्क वळला. "काय?"

"ऐकू येतं ना तुला? तुझे कान तर शाबूत आहेत." सासूने काठी मांडीवर आडवी घेतली. "तू पोटात होतास. मी म्हटलं, दोघं मिळून शिवू, आणखी एक मशीन घेऊ, घरी राहशील, मुलं डोळ्यांपुढं वाढतील. तीन दिवस बसला. हात चांगला होता त्याचा. चौथ्या दिवशी दारावरून दोन माणसं गेली, आत डोकावली आणि हसली. बोलली काहीच नाहीत. नुसती हसली. तो उठला तो पुन्हा बसला नाही. पंधरा दिवसांत खाणीच्या कामावर लांब निघून गेला. अठरा वर्षं. वर्षातून दोनदा यायचा. तू चालायला लागलास तेव्हा तो आला, तर तू त्याला बघून माझ्या मागं लपलास."

"तू तर सांगत होतीस, घरासाठी गेले," हेडक्लार्क म्हणाला. त्याच्या घरी दर्शनी भिंतीवर वडिलांचा मोठा फोटो होता. कष्टाची गोष्ट निघाली की तो त्या फोटोकडे बोट दाखवायचा.

"घरासाठीच गेला. मी खोटं नाही सांगितलं. अर्धं सांगितलं." म्हातारीने डोळे मिटले आणि उघडले. "आणि ती दोघं कोण होती माहितीये? मलाही माहीत नाही. तोंडंसुद्धा आठवत नाहीत. हसली आणि आपल्या वाटेने गेली. माझा संसार मात्र त्यांनी अठरा वर्षं लांब नेऊन ठेवला."

नणंद उठून आईशेजारी जाऊन बसली. नुसती खोलीची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला, पण मास्तरीणला तेवढ्यावरून कळलं की आता ती एकटी नाही.

"काय म्हणाली आई?" ड्रायव्हरने विचारलं.

मास्तरीण त्याच्या कानाशी गेली आणि एकही शब्द न गाळता सांगितलं. सासूचे शब्द तिच्या तोंडून दुसऱ्यांदा त्या खोलीत फिरले, आणि दुसऱ्यांदा ऐकताना हेडक्लार्कने मान खाली घातली.

ड्रायव्हर उठला, खिडकीशी गेला, कडी काढली आणि दोन्ही झडपा भिंतीपर्यंत उघडून टाकल्या. उजेड मखमलीवर पडला तशी ती निळी खोली एकदम खोल पाण्यासारखी दिसायला लागली. तो परत येऊन बसला, एक तुकडा सुईखाली सरकवला, चाकाला हात दिला आणि पाय चालू केले.

समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार ट्यूबमध्ये हवा भरता भरता थांबला, रस्ता ओलांडून खिडकीशी आला.

"काय ड्रायव्हरसाहेब, नवीन गाडी?"

ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. मास्तरीणने सांगितलं. तो पाय न थांबवता म्हणाला, "जुनंच मॉडेल आहे! पण ब्रेक उत्तम!"

सायकलवाला हसला. खो खो हसला. "माझ्या आरामखुर्चीचं कापड फाटलंय हो, जमलं तर बघा," म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. म्हातारी नातवंडांकडे बघावं तसं त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

हेडक्लार्क निघाला. चपला घालताना उंबऱ्याशी म्हणाला, "मी त्या माणसाला उद्या काय सांगू?" त्याने हे कोणाला विचारलं ते कळत नव्हतं, पण या वेळी तो उजव्या बाजूला उभा होता.

"सांग," ड्रायव्हर म्हणाला, "दादाला काम आहे."

मंगळवारी त्याने मखमलीला पहिल्यांदा हात घातला. मखमल म्हणजे साधं कापड नव्हे. दोन थर समोरासमोर ठेवले की वरचा थर खालच्यावरून चोरपावलांनी पुढे सरकतो, आणि शेवटी पोचावं तर एक पट्टा वीतभर लांब झालेला असतो. म्हणून आधी हाताने कच्चा दोरा घालून घ्यावा लागतो. ते काम नणंदेने घेतलं. शाळा सुटली की ती यायची, चष्मा पुसायची आणि जमिनीवर मांडी घालून बावीस फूट कच्चे टाके घालायची. सासूला आता दिसत कमी होतं, पण मखमलीची लव कुठल्या दिशेला पडते ते तळहाताने तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. एक पट्टा उलटा लागला तर अख्ख्या पडद्यात तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. प्रत्येक पट्टा आधी तिच्या मांडीवरून जायचा. ती हात फिरवायची, "सरळ" म्हणायची, मगच तो पुढे.

आणि ड्रायव्हर शिवायचा. पहिली शिवण पूर्ण व्हायला अख्खी दुपार लागली. मास्तरीण शेजारी उभी होती, टिचकीसाठी बोट तयार ठेवून. वापरावं लागलं नाही. त्याचे मोठाले हात कापडाच्या दोन्ही बाजूंना नुसते टेकलेले होते, वजन पेलत, दिशा देत. तो वेग वाढवत नव्हता, कमी करत नव्हता. टाच, चवडा, टाच, चवडा. शेवटच्या फुटावर आला तशी त्याने चाक हाताने थांबवलं, दोरा कापला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बघ."

तिने शिवण उलगडून उजेडात धरली. टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. तिने आजवर अकरा मुलींना शिकवलं होतं, पण पहिल्याच लांब शिवणीत असा समान टाका कोणी दिला नव्हता. तिला ओरडून सगळ्या गल्लीला सांगावंसं वाटलं. ती म्हणाली, "शेवटचा हातभर घाई झालीय. बाकी चालेल."

"चालेल?" सासू आतून म्हणाली. "तुझ्या पहिल्या शिवणीला मी काय म्हटलं होतं, आठवतंय का?"

"उसवायला लावली होती तुम्ही."

"मग याला जास्तच मार्क दिलेस."

वरच्या चुण्या, टांगायच्या नाड्या, साखळी भरलेली खालची दुमड, कोपरे, हे सगळं मास्तरीणचं. लांब शिवणी त्याच्या. शेवटच्या आठवड्यात एक दिवस त्याला आगारात कागदांवर सह्या करायला जावं लागलं. वेळ वाया जाऊ नये म्हणून उरलेल्या शिवणींतली एक तिने स्वतःच मारून टाकली, दुखऱ्या खांद्याने ढीग ढकलत. तो आल्यावर तिने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. काम वेळेत संपलं.

पडदा न्यायच्या सकाळी दारात हेडक्लार्क उभा. मागे कचेरीतले सहा जण, बाह्या सरसावलेले. त्या रविवारनंतर तो आलाच नव्हता. त्याने मास्तरीणकडे पाहिलं, आईला वाकून नमस्कार केला आणि दादाच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं, "कुठून धरायचं?"

"मधून तू धर," दादा म्हणाला. "तिथं वजन आहे."

आठ जणांच्या खांद्यांवरून ती निळी गुंडाळी गल्लीतून निघाली. सायकलवाल्याने दुकानापुढची वाहनं बाजूला घेतली.

नाट्यगृहात सुतार शिडीवर चढला, नाड्या दांडीला बांधल्या गेल्या, आणि दोर सैल सोडताच पडदा उलगडत खाली आला. साखळीच्या वजनाने दुमड फळीला अलगद टेकली. व्यवस्थापकाने दिवे लावले. रिकाम्या सभागृहात कोणीतरी "वा" म्हणालं, आणि मास्तरीणला वाटलं, आपले पाय जमिनीला नीट लागत नाहीयेत.

"कंपनीचं काम वाटतं हो," व्यवस्थापक म्हणाला.

"कंपनी नाही," हेडक्लार्क पुढे झाला. छाती अशी काढली होती की शर्टाच्या गुंड्या ताणल्या गेल्या. "आमचे दादा आणि वहिनी. आणि आमच्या ताईने हातभार लावलाय. आणि आई."

"आणि तू काय केलंस?" नणंदेने विचारलं.

"उचललं," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "उशिरा, पण उचललं."

ड्रायव्हर मात्र तिथे नव्हता. तो सभागृहाच्या अगदी मागच्या रांगेपर्यंत चालत गेला होता. तिथे एक डोळा मिटून उभा राहिला. मग खुर्च्यांमधून हळूहळू पुढे आला, रंगमंचावर चढला आणि डाव्या पाखाच्या एका शिवणीवर तळहात टेकवला.

"ही."

"काय झालं?" व्यवस्थापक.

"मधे बोटभर पळालीय. डोक्याच्या उंचीवर."

व्यवस्थापक वाकून बघायला लागला. हेडक्लार्कने बघितलं, सुताराने शिडीवरून बघितलं. कोणाला काही दिसेना. "अहो, प्रेक्षकांत बसलेल्याला कसं कळणार?" व्यवस्थापक हसून म्हणाला. "सुंदर झालाय. राहू द्या."

"मला दिसतंय," ड्रायव्हर म्हणाला.

मास्तरीणने ती शिवण लांबूनच ओळखली होती. मूग गिळून बसली असती तर चाललं असतं. चौतीस वर्षांत सासूशिवाय तिच्या कामात कोणी खोट काढली नव्हती. आणि सासूनेही ते फार पूर्वी थांबवलं होतं. तिचा चेहरा तापला. ती रंगमंचाच्या पायऱ्या चढून वर गेली, त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"ती माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही आगारात गेला होता त्या दिवशीची."

"कळलं मला," तो म्हणाला. नेहमीच्या चढ्या आवाजात, त्यामुळे सगळ्या सभागृहाने ऐकलं. "टाका तुझाच आहे. इतका बारीक मला अजून येत नाही. पण मधे वाट सुटलीय. खांदा दुखला असेल."

आपण ज्याला पाय कसा मारायचा ते शिकवलं, त्याने आपली चूक आपल्याला हात लावून दाखवावी, आणि ती खरी असावी! लाज वाटायला हवी होती. तिचा तर ऊर भरून आला. ती शिडीवरच्या सुताराकडे मान वर करून म्हणाली, "डावं पाख खाली घ्या."

"बाई, उद्या संध्याकाळी उद्घाटन आहे," व्यवस्थापक घाबरून म्हणाला.

"उद्या दुपारपर्यंत परत टांगलेला असेल." मास्तरीणने पदराने कपाळ पुसलं आणि नवऱ्याकडे हात केला. "आमचे मास्तर म्हणतायत, उसवायची."